तिलावा : चांदी आणि माणसें

इतिहासाच्या तासाला विद्यार्थी प्रश्न विचारीत नाहींत, अशी तक्रार आम्ही शिक्षक मंडळी नेहमीं करीत असतों. परंतु एखादा प्रश्न खरोखरीच आला, म्हणजे त्याचें उत्तर आपल्यापाशीं नाहीं हें ध्यानांत येऊन आपलीच कशी त्रेधा उडते, तें सांगण्याचें मात्र आम्ही टाळतों. गेल्या वर्षीं आमच्यावर असाच प्रसंग आला. दहावीच्या वर्गांत नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या समुद्रप्रवासाचा पाठ चालला होता. १९४३ च्या फेब्रुवारींत नेताजी जर्मनींतील कील बंदरांतून एका जर्मन पाणबुडीनें निघाले. एप्रिलच्या अखेरीस मादागास्कर बेटाच्या बाजूस भर समुद्रांत, खवळलेल्या लाटांवर तरणाऱ्या रबराच्या होडींतून ते ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीवर गेले. आणि तिनें त्यांना सुमात्राच्या टोंकाजवळील साबांग बंदरास पोहोंचविलें. हा पाठ आम्ही कित्येक वर्षें मोठ्या हौसेनें शिकवीत आलों आहों. वर्ग अगदीं चित्रासारखा स्तब्ध बसून ऐकतो, आणि शिकविणाऱ्यासहि आपण उत्तम शिकविलें असें वाटतें. त्या दिवशीं मागल्या बांकावरील एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, नेताजींना घ्यायला येण्याआधीं ती पाणबुडी काय करत होती?”

वर्गांत हशा पिकला. आम्हीहि हंसलों, “पाहून सांगतों” म्हणालों आणि पाठ पुढें नेला. घरीं येऊन पुस्तकें चाळलीं, जुने वृत्तांत पाहिले, आणि आमचें हंसू मावळलें. त्या मुलाला जें उत्तर द्यावयाचें, तें वर्गांत चार वाक्यांत देण्यासारखें नव्हतें. म्हणून तें येथें सविस्तर देत आहों. आणि त्याबरोबर आमचें मतहि.

नेताजींना घेण्यापूर्वीं पांच महिने, २३ नोव्हेंबर १९४२ रोजीं, त्याच पाणबुडीनें, त्याच नायकाच्या आज्ञेनें, मुंबईहून निघालेलें ‘तिलावा’ नांवाचें एक व्यापारी जहाज अरबी समुद्रांत बुडविलें. त्यावरील २८० माणसें मेलीं. त्यांत बहुतेक आपलींच होतीं.

तिलावा हें ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचें, १९२४ सालीं इंग्लंडांत बांधलेलें, सुमारें दहा हजार टनांचें जहाज होतें. तें उतारूहि नेई व मालहि नेई. २० नोव्हेंबर १९४२ रोजीं मुंबई बंदर सोडून तें मोंबासा, आज ज्यास मापुतो म्हणतात तें बंदर, आणि डरबन यांकडे निघालें. जहाजावर ७३२ उतारू, २२२ खलाशी व अधिकारी आणि तोफा चालविणारे चार गोलंदाज, अशीं एकंदर ९५८ माणसें होतीं. उतारूंमध्यें गुजरात-काठेवाडकडील पुष्कळ कुटुंबें होतीं. कोणी आफ्रिकेंतील दुकानाकडे परत चाललेला, कोणी बायकामुलांना घेऊन प्रथमच निघालेला. युद्ध पेटलें होतें. तरीहि दुकानें चालवावयाचीं होतीं, पोटें भरावयाचीं होतीं, दूर गेलेल्या माणसास भेटावयाचें होतें. लढाईशीं ज्यांचा कांहींएक संबंध नाहीं अशा माणसांचाहि युद्धकाळांत प्रवास थांबत नाहीं, हें आपण सहसा लक्षांत घेत नाहीं.

२३ तारखेच्या रात्रीं, पहाट होण्यापूर्वींच्या अंधारांत, पहिला टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, जहाजास लागला. निजलेलीं माणसें घाबरून वर धांवलीं. एकच गर्दी उसळली आणि होड्या खालीं सोडण्याच्या धांदलींत पुष्कळांचा प्राण गेला. जहाज मात्र लगेच बुडालें नाहीं. तें तरंगत राहिलें. तेव्हां तें अजून वांचेल अशी आशा उत्पन्न होऊन कांहीं लोक होड्यांतून पुन्हां त्यावर चढूं लागले. इतक्यांत दुसरा पाणतीर आला, आणि मग मात्र तिलावा तळास गेलें. डंकन नांवाचा बिनतारी यंत्रावरील अधिकारी शेवटच्या क्षणापर्यंत आपल्या जागेवर बसून मदतीची हांक पाठवीत राहिला, असें वृत्तांत सांगतात. ती हांक व्यर्थ गेली नाहीं. दोन दिवसांनीं, २५ नोव्हेंबर रोजीं, ‘बर्मिंगहॅम’ ही ब्रिटिश युद्धनौका तेथें पोहोंचली आणि होड्यांतून व तराफ्यांवरून वाहत असलेल्या लोकांना तिनें उचलून घेतलें. आणखी चौघांना ‘कार्थेज’ या जहाजानें वांचविलें. एकंदर ६७८ माणसें जिवंत राहिलीं, आणि २७ नोव्हेंबर रोजीं बर्मिंगहॅम त्यांना घेऊन मुंबईस परत आली. जे परत आले नाहींत त्यांत २५२ उतारू होते आणि २८ जहाजावरील नोकर. आठच दिवसांपूर्वीं ज्या बंदरावर निरोपाचे रुमाल हालले, त्याच बंदरावर आतां कोण आलें आणि कोण आलें नाहीं हें पाहावयास माणसें उभीं होतीं, एवढी कल्पना वाचकांनींच करावी.

ही हकीकत आम्हांस ठाऊक नव्हती, हें कबूल करण्यांत आम्हांस लाज वाटते. परंतु नुसती आमची लाज सांगण्यासाठीं हा लेख नाहीं. प्रश्न असा कीं, जी गोष्ट मुंबईच्या बंदरांत सुरू झाली व मुंबईच्याच बंदरांत संपली, ती आपल्या स्मृतींतून अशी पुसली कशी गेली? जरा शोध केला असतां दिसून येतें कीं, ती अगदींच पुसली गेली नाहीं. तिच्यांतील दोन वस्तु जगानें फार नीट जपून ठेविल्या आहेत. एक पाणबुडी, आणि दुसरी चांदी.

पाणबुडीचें सांगितलेंच. आय-२९ हें नांव नेताजींच्या चरित्रामुळें आपणांस परिचित झालें. आतां चांदीचें सांगतों. तिलावाच्या पोटांत ६,४७२ टन माल होता, आणि त्या मालांत चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. तेव्हांच्या दक्षिण आफ्रिका संघराज्याच्या सरकारनें त्या विकत घेतल्या होत्या, आणि त्यांपासून मुख्यत्वें नाणीं पाडावयाचीं होतीं. जहाजाबरोबर ही चांदी सुमारें अडीच किलोमीटर खोल पाण्यांत जाऊन पडली व पंचाहत्तर वर्षें तेथेंच राहिली. २०१७ सालीं एका खाजगी ब्रिटिश कंपनीनें यंत्रांच्या साहाय्यानें ती वर काढली आणि इंग्लंडांतील साउदॅम्टन बंदरास नेली. बुडालेला माल वर काढणाऱ्यास त्याचा मोबदला मिळतो, असा दर्यावर्दी लोकांचा जुना कायदा आहे. कंपनीनें तो मागितला. दक्षिण आफ्रिकेनें उत्तर दिलें कीं, ही चांदी सार्वभौम सरकारची मालमत्ता आहे, तिच्यावर परक्या न्यायालयांत दावा चालू शकत नाहीं. या वादाचा पहिला निकाल २०२० सालीं व अपिलाचा निकाल २०२२ सालीं लागला. दोन्ही वेळां कंपनी जिंकली. शेवटीं ८ मे २०२४ रोजीं इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानें दक्षिण आफ्रिकेचें म्हणणें मान्य केलें.

या खटल्यांतील मुख्य मुद्दा मोठा मासलेवाईक आहे. जहाज बुडालें त्या वेळीं ती चांदी ‘व्यापारी कामासाठीं वापरांत’ होती कीं नव्हती? जहाज व्यापारी होतें, भाडें घेऊन माल नेत होतें. पण पेट्यांत स्वस्थ पडून असलेली चांदी स्वतः कांहीं व्यापार करीत होती काय? या एका शब्दावर विद्वान् न्यायाधीशांनीं पानेंच्या पानें लिहिलीं. त्यांना आम्ही नांवें ठेवीत नाहीं. त्यांच्यापुढें जो प्रश्न आला त्याचा त्यांनीं निवाडा केला, आणि कायद्याचें काम असेंच सूक्ष्म असावें लागतें. ज्या रीतीनें असे दावे समुद्रविषयक न्यायालयांत दाखल होतात, त्या रीतीप्रमाणें आरंभीं प्रतिवादी म्हणून खुद्द ‘चांदी’ हेंच नांव लिहिलें गेलें होतें. आमचें मन त्या ठिकाणीं अडखळलें. चांदीला न्यायालयांत नांव मिळालें, वकील मिळाले, तीन पायऱ्यांची दाद मिळाली. तिच्या शेजारीं जीं २८० माणसें त्याच रात्रीं गेलीं, त्यांच्या वतीनें कोणतें न्यायालय केव्हां बसलें? २,३६४ लगडींचा हिशेब अचूक लागला. माणसांचा हिशेब आंकड्यापाशीं येऊन थांबला.

यावर कोणी म्हणेल, युद्ध तें युद्ध. त्यांत कोणाकोणाची दाद लावावी? या म्हणण्यास वस्तुस्थितीचा आधार आहे, पण तो जितका वाटतो तितका मोठा नाहीं. कारण व्यापारी जहाजांविषयीं राष्ट्रांनीं स्वतःच नियम केलेला होता. १९३० सालच्या लंडनच्या नाविक तहांत तो घातला गेला, आणि ६ नोव्हेंबर १९३६ रोजीं लंडन येथेंच त्याचा पुन्हां स्वतंत्र उच्चार झाला. नियमाचा आशय असा : थांबण्याची आज्ञा झाल्यावरहि हट्टानें न थांबणारें किंवा प्रतिकार करणारें जहाज वगळतां, कोणत्याहि पाणबुडीनें व्यापारी जहाजावरील उतारू, खलाशी व कागदपत्र सुरक्षित जागीं पोहोंचविल्यावांचून तें जहाज बुडवूं नये; आणि खवळलेल्या समुद्रांत किनाऱ्यापासून दूर सोडलेली नुसती होडी ही सुरक्षित जागा समजूं नये. या नियमास जपानची संमति होती, ब्रिटनची होती, अमेरिकेची होती. पुढें जर्मनीनेंहि ती दिली.

मग झालें काय? युद्ध पेटतांच हा नियम एकेकानें गुंडाळून ठेविला. व्यापारी जहाजांवर तोफा बसल्या. तिलावावरहि गोलंदाज होतेच. तोफा आहेत म्हणून पाणबुडीवाले म्हणाले, हीं व्यापारी जहाजें नव्हेत. पाणबुड्या न सांगतां मारतात म्हणून जहाजवाले म्हणाले, तोफांवांचून चालणार नाहीं. न्यूरेंबर्ग येथें जर्मन नौसेनापति डोनिट्झ याच्यावर खटला चालला, तेव्हां न्यायासनापुढें दोन गोष्टी आल्या. ब्रिटिश नौखात्यानें ८ मे १९४० रोजीं स्काजेराक सामुद्रधुनींत दिसेल तें जहाज रात्रीं बुडविण्याचा हुकूम दिला होता. आणि अमेरिकेचे नौसेनापति निमिट्झ यांनीं लेखी उत्तर दिलें होतें कीं, पॅसिफिक महासागरांत आमच्याहि पाणबुड्या युद्धाच्या पहिल्या दिवसापासून असाच निर्बंधरहित मारा करीत होत्या. हें लक्षांत घेऊन न्यायासनानें पाणबुडी-युद्धाचे नियम मोडल्याच्या मुद्द्यावर डोनिट्झ याची शिक्षा ठरविली नाहीं. सर्वांचेच हात सारखे बरबटलेले, तेव्हां एकट्यास कोणी बोल लावावा?

विद्यार्थी वाचकांसाठीं दोनच उदाहरणें देतों. १७ सप्टेंबर १९४० रोजीं जर्मन पाणबुडीनें ‘सिटी ऑफ बनारस’ हें जहाज अटलांटिक महासागरांत बुडविलें. बाँबहल्ल्यांपासून दूर ठेवावयाचीं म्हणून सरकारी योजनेनें कॅनडास पाठविलेलीं ९० मुलें त्यावर होतीं. त्यांपैकीं ७७ मेलीं. २२ ऑगस्ट १९४४ रोजीं अमेरिकन पाणबुडीनें ‘त्सुशिमा मारू’ हें जहाज बुडविलें. त्यावर ओकिनावा बेटावरून सुरक्षित जागीं नेण्यांत येत असलेलीं जपानी शाळकरी मुलें होतीं. त्यांतील सातशेंहून अधिक मुलें गेलीं. पहिलीं इंग्रज मुलें, दुसरीं जपानी. हीं सर्व मुलें तुमच्याच वयाचीं किंवा तुमच्याहून लहान होतीं. कोणत्या बाजूची पाणबुडी होती, हें सांगून या दोहोंतील कोणतें दुःख कमी करतां येईल? आणि आणखी एक सांगावयाचें राहिलें. ‘सिटी ऑफ बनारस’वर हिंदी खलाशी होते व त्यांच्यापैकीं सुमारें शंभर त्या रात्रीं व नंतर होड्यांतून थंडीनें मेले. मुलांच्या कथेवर पुस्तकें लिहिलीं गेलीं, आणि तीं लिहिणें योग्यच होतें. पण खलाशी त्या पुस्तकांत बहुधा गर्दीसारखे येतात व गर्दीसारखे जातात.

येथें आम्ही आपल्या घराजवळ येतों. ज्यांना गोरे अधिकारी ‘लस्कर’ म्हणत, ते खलाशी कोण होते? वाफेच्या जहाजांच्या काळापासून मुंबई बंदरांतून जीं जहाजें सुटत, त्यांच्या डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असत. स्वयंपाकघरांत व जेवणघरांत गोंयकार असत. सारंग त्यांच्यावर मुकादम असे. मुंबईंत धोबीतलाव व आसपासच्या भागांत गोंयकार खलाशांच्या गांवोगांवच्या ‘कुडी’ होत्या, तेथें जहाज मिळेपर्यंत ते मुक्काम करीत. तेंच काम करणाऱ्या युरोपीय खलाशास जो पगार मिळे, त्याचा एक लहानसा हिस्सा यांच्या हातीं पडे. दुसऱ्या महायुद्धांत या हिंदी व्यापारी खलाशांपैकीं जवळजवळ सहा हजार समुद्रांत गेले. त्यांना कबर नाहीं, चिता नाहीं. त्यांच्या नांवांच्या वह्या आहेत : एक मुंबईंत, मस्जिद बंदराकडील इंडियन सेलर्स होममध्यें, आणि तशीच दुसरी आतां बांगला देशांत असलेल्या चितगांवच्या युद्धस्मशानांत. या मुंबईंत इतकीं वर्षें आमचें जाणेंयेणें आहे. गेटवे पाहावयास सहली नेल्या, राणीचा बाग दाखविला. या वहीपर्यंत एकहि सहल आम्हीं नेली नाहीं. आणि ही वही खलाशांची झाली. ज्यांनीं तिकीट काढून पाऊल ठेविलें त्या उतारूंसाठीं असली वही ठेवावयाची प्रथा नाहीं. तिलावाच्या उतारूंचीं नांवें व हकीकती त्यांच्याच नातवंडांनीं, पतवंडांनीं अलीकडे गोळा करावयास घेतल्या. आणि २३ नोव्हेंबर २०२२ रोजीं, ऐंशी वर्षांनंतर, मुंबईंत त्यांचा स्मरणसमारंभ झाला. जें काम राज्यांनीं व शाळांनीं करावयाचें, तें अखेर घरच्या माणसांना करावें लागलें.

कोणी कौतुकानें तिलावास ‘हिंदुस्थानची टायटॅनिक’ म्हणतात. हें नांव आम्हांस रुचत नाहीं. टायटॅनिक हिमनगावर आपटली; तिलावा माणसानें, नेम धरून, दोनदां मारलें. आणि दुसऱ्याच्या प्रसिद्ध दुःखाचें नांव उसनें घेतल्यावांचून आपल्या दुःखाकडे कोणी पाहत नाहीं, ही समजूतच आपल्या विस्मृतीचें मूळ आहे.

आतां सर्वांत नाजूक मुद्द्याकडे वळतों. आमच्या एका स्नेह्यांनीं ही हकीकत ऐकून म्हटलें, “हें मुलांना सांगूं नका. नेताजींच्या कथेला उगाच डाग लागेल.” या स्नेह्यांच्या देशप्रीतीविषयीं आमच्या मनांत आदर आहे, पण त्यांचा सल्ला आम्हांस मान्य नाहीं. तिलावा बुडालें तेव्हां नेताजी जर्मनींत होते. त्या आघाताशीं त्यांचा तिळमात्र संबंध नव्हता. आपल्याला नेणारी नाव पूर्वीं कोठें कोठें गेली होती, हें संकटांत निघालेला प्रवासी विचारीत बसत नाहीं. त्यांचें साहस हें साहसच आहे, आणि २८० माणसांचें मरण हें मरणच आहे. एकानें दुसरें खोटें ठरत नाहीं. डाग लागतो तो सत्य सांगितल्यानें लागत नाहीं. अर्धें सत्य सांगून उरलेलें अर्धें दडविल्यानें लागतो. तो नेताजींना लागत नाहीं, सांगणाऱ्या शिक्षकाला लागतो.

आणि पाहा, त्या पाणबुडीची कथाहि तेथें संपत नाहीं. २६ जुलै १९४४ रोजीं लूझोन बेटाच्या उत्तरेस ‘सॉफिश’ या अमेरिकन पाणबुडीनें आय-२९ वर पाणतीर सोडले, आणि ती जवळजवळ सर्व खलाशांसह बुडाली. जिनें तिलावा तळास धाडलें, तीहि तशाच आघातानें तळास गेली. हा न्याय झाला असें आम्ही म्हणणार नाहीं. तिच्यांत जे जपानी तरुण होते, त्यांच्याहि घरीं कोणी वाट पाहत असेलच. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, समुद्राच्या तळाशीं शत्रु आणि मित्र असा भेद उरत नाहीं. तो वर, आमच्या पुस्तकांत मात्र उरतो.

हें सारें जुनें झालें, त्याचा आज उपयोग काय, असें विचारणारा वाचक असेल, तर त्यास आम्ही फार मागें नेत नाहीं. ६ मार्च २०२४ रोजीं एडनच्या आखातांत ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर येमेनमधील हुती बंडखोरांचें क्षेपणास्त्र आदळलें. तीन खलाशी मेले. दोघे फिलिपाईन्सचे, एक व्हिएतनामचा. ज्या युद्धाच्या नांवानें तें क्षेपणास्त्र सुटलें, त्याच्याशीं या तिघांच्या देशांचा काय संबंध होता? उरलेल्या एकवीस जणांना आपल्या आरमाराच्या ‘कोलकाता’ या नौकेनें वांचविलें. त्यांत एक भारतीयहि होता. पाणतीराच्या जागीं क्षेपणास्त्र आलें, पण डेकवरचा माणूस तोच आहे. भाकरीसाठीं घर सोडून गेलेला, कोणाच्याहि भांडणांत नसलेला, आणि सगळ्यांच्या भांडणांत मरणारा. आजहि आपल्या किनाऱ्यावरील कितीतरी घरांतील एक ताट वर्षांतून सात-आठ महिने रिकामें असतें. आपल्या घरीं येणारें तेल, खत, धान्य, यंत्रें तोच माणूस आणून पोहोंचवितो. त्याची आठवण मात्र आपणांस जहाज बुडाल्यावर होते, आणि तीहि आधीं मालाची होते.

तर आमचें म्हणणें थोडक्यांत असें. एक : इतिहासाच्या वर्गांत आय-२९ चें नांव जेव्हां जेव्हां निघेल, तेव्हां फळ्यावर एक तारीख लिहूं नये, दोन लिहाव्या. २३ नोव्हेंबर १९४२ आणि २८ एप्रिल १९४३. या दोहोंमधील पांच महिन्यांत जें अंतर आहे तें समजावून देणें, हेंच इतिहास शिकविणें होय. दोन : मुंबईस सहल नेणाऱ्या शाळांनीं एक तास मस्जिद बंदराकडील त्या वहीसाठीं राखून ठेवावा. तीन : ज्या विद्यार्थ्यांचे आजे-पणजे जहाजावर नोकरीस होते, त्यांनीं घरीं विचारावें, जुनें नोंदपुस्तक, एखादें पत्र, निदान नांव, गांव व जहाज, जें मिळेल तें आणून द्यावें. शाळेच्या वाचनालयांत आम्हीं त्यासाठीं एक कोरी वही ठेविली आहे. तीत प्रथम नांव लिहावयाचें, मग गांव, आणि सर्वांत शेवटीं जहाजानें नेलेला माल. नेहमींचा क्रम याच्या उलट असतो, म्हणून मुद्दाम सांगतों.

यंदा तो पाठ आला तेव्हां आम्हीं प्रथम आमची चूक वर्गास सांगितली, आणि मग दोन्ही तारखा फळ्यावर लिहिल्या. शिक्षकानें चूक कबूल केली तर शिस्त बिघडते, असा एक समज आहे. तसें कांहीं झालें नाहीं. वर्ग नेहमींपेक्षां अधिक शांत होता. मागल्या वर्षींचा तो मुलगा आतां पुढील वर्गांत गेला आहे. त्यास बोलावून आम्हीं त्याचें उत्तर त्याला दिलें. त्यानें तें ऐकून घेतलें, क्षणभर थांबला, आणि विचारलें, “सर, त्या दोनशें ऐंशींचीं नांवें कोठें मिळतील?”

हा त्याचा दुसरा प्रश्न. पहिल्याचें उत्तर देण्यास आम्हांस एक वर्ष लागलें. दुसऱ्याचें उत्तर एकट्या शिक्षकाच्या हातून होण्यासारखें नाहीं. म्हणून तो प्रश्न आम्ही या पानावरून सर्व वाचकांच्या हवालीं करीत आहों.